विश्लेषण : डेटाबेसची ‘रोजकीर्द’ थेट मेमरीतून वाचणे कितपत सुरक्षित? पोस्टग्रेसने कोणता मार्ग काढला?

मोबाइलवर ‘पेमेंट यशस्वी’ अशी हिरवी खूण दिसते, तेव्हा कुठल्या तरी सर्व्हरवरच्या डेटाबेसने एक वचन दिलेले असते. या क्षणी वीज गेली, यंत्र बंद पडले तरी ही नोंद हरवणार नाही, असे ते वचन. ते पाळले जाते ‘ट्रान्झॅक्शन लॉग’ नावाच्या वहीच्या जोरावर. ही वही आधी मेमरीत लिहिली जाते आणि मग डिस्कवर उतरते. मग कोणाला तिची प्रत हवी असेल तर डिस्कवरच्या फाइलकडे कशाला जायचे? मेमरीतूनच का देऊ नये? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर चुकले तर एकाच खात्यात दोन सर्व्हरवर दोन वेगळ्या रकमा दिसू शकतात. ‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसने २०२४ मध्ये आलेल्या १७व्या आवृत्तीत या प्रश्नाचे उत्तर आणले. ते काय आहे, त्यामागे कोणते धोके ओळखले गेले, याचा हा आढावा.

ट्रान्झॅक्शन लॉग म्हणजे काय?

दुकानातली जुनी हिशेबपद्धत आठवून पाहा. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचे. नंतर सवडीने त्यावरून खतावणी करायची, म्हणजे प्रत्येकाच्या खात्यावर रक्कम चढवायची. खातेवही खराब झाली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर ती पुन्हा तयार करता येते.

डेटाबेसचेही असेच चालते. टेबले ही त्याची खातेवही आणि लॉग ही रोजकीर्द. समजा, एका खात्यातून ५०० रुपये वजा करून दुसऱ्यात जमा करायचे आहेत. हे दोन वेगळे बदल आहेत. पहिला झाला आणि दुसऱ्याच्या आधी वीज गेली, तर ५०० रुपये हवेत विरतील. म्हणून नियम असा की, टेबलातला बदल डिस्कवर जाण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये पक्की झालीच पाहिजे. या नियमाला ‘राइट-अहेड लॉगिंग’ म्हणतात. यंत्र पुन्हा सुरू झाले की डेटाबेस लॉग वाचतो आणि जे टेबलात चढायचे राहिले ते चढवतो.

या विषयातला सर्वाधिक संदर्भ दिला जाणारा शोधनिबंध ‘एरीज’ या पद्धतीवरचा. आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाली आणि त्यात राइट-अहेड लॉग आला तो २००१ च्या ७.१ आवृत्तीत. आज या डेटाबेसच्या कामात भारतीय प्रोग्रॅमरांचा वाटा मोठा आहे. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबी या कंपनीचे एक केंद्र पुण्यातही आहे.

मग लॉग आधी मेमरीत का लिहितात?

कारण डिस्क संथ असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यासाठीच सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. एसएसडी खूप वेगवान असली तरी ‘डेटा खरोखर कायमचा उतरला’ अशी खात्री करून घ्यायला तिलाही वेळ लागतोच. मेमरीत लिहिणे त्या मानाने कित्येक पट वेगाने होते.

म्हणून व्यवहारांच्या नोंदी आधी मेमरीतल्या ‘लॉग बफर’मध्ये जमतात आणि तिथून गठ्ठ्याने फाइलमध्ये जातात. व्यवहार ‘कमिट’ झाला असे सांगण्याआधी मात्र त्या नोंदीपर्यंतचा लॉग डिस्कवर पक्का केला जातो. यासाठी ऑपरेटिंग सिस्टीमला ‘एफसिंक’ हा आदेश द्यावा लागतो. एकाच एफसिंकमध्ये अनेकांच्या नोंदी उरकतात, त्यामुळे खर्च वाटला जातो.

पोस्टग्रेसमध्ये हा बफर ८ केबीच्या पानांचा असतो. वेगळी सूचना नसेल तर त्याचा आकार डेटाबेसच्या मुख्य मेमरीच्या (शेअर्ड बफर्सच्या) बत्तिसाव्या भागाइतका, पण जास्तीत जास्त १६ एमबी. म्हणजे अशी २,०४८ पाने. ती संपली की पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला सुरुवात होते. शाळेतल्या पाटीसारखे : लिहायचे, वहीत उतरवायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे.

हा लॉग वाचतो तरी कोण?

यंत्र कोसळल्यानंतर डेटाबेस स्वतः वाचतो, हे वर आलेच. पण रोजच्या धबडग्यात लॉगचे आणखी वाचक असतात.

• स्टँडबाय सर्व्हर : मुख्य सर्व्हरची हुबेहूब प्रत ठेवणारे दुसरे यंत्र. मुख्य सर्व्हर पडला तर ते जागा घेते. त्याला लॉगचा अखंड प्रवाह लागतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे.

• बदल टिपणाऱ्या प्रणाली : कुठल्या ओळीत काय बदलले हे लॉगमधून काढून अहवाल, शोधयंत्र किंवा सूचना पाठवणाऱ्या सेवेला देणाऱ्या. याला लागणारे ‘लॉजिकल डिकोडिंग’ २०१४ च्या ९.४ आवृत्तीत आले.

• बॅकअप : ‘काल दुपारी ३ वाजता डेटा जसा होता तसा परत द्या’ अशी मागणी पुरी करायची तर जुना बॅकअप आणि त्यानंतरचा सगळा लॉग लागतो.

यातल्या स्टँडबायला लॉग पाठवणारी प्रक्रिया म्हणजे ‘वॉलसेंडर’. आजच्या चर्चेचा विषय हाच वाचक.

मेमरीतून वाचण्याची गरज का भासली?

आतापर्यंतची पद्धत जरा गमतीची होती. मुख्य सर्व्हर लॉग मेमरीतून फाइलमध्ये लिहायचा आणि लगेच वॉलसेंडर तीच फाइल उघडून तोच मजकूर परत मेमरीत आणायचा. म्हणजे दिवाणजींनी पाटीवरचे वहीत उतरवायचे आणि शेजारी बसलेल्या कारकुनाने पाटी समोर असताना वही मागून घेऊन वाचायचे.

प्रत्यक्षात दरवेळी डिस्क फिरत नाही, हेही खरे. नुकतीच लिहिलेली फाइल ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःच्या मेमरीत धरून ठेवलेली असते. तरीही तिला विचारायला जावे लागते आणि त्याचा खर्च येतो. शिवाय ऑपरेटिंग सिस्टीमचा साठा टाळून थेट डिस्कवर लिहिण्याची पद्धत वापरली, तर हा मधला आधारही उरत नाही. मग प्रत्येक वाचन खरोखर डिस्कपर्यंत जाते.

यावरचा उपाय म्हणून लॉग थेट बफरमधून वाचण्याचा प्रस्ताव २०२२ च्या अखेरीस पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे आला. तो लिहिणारे भरत रुपिरेड्डी. अनेक फेऱ्यांच्या तपासणीनंतर जेफ डेव्हिस यांनी २०२४ च्या सुरुवातीला तो मुख्य कोडमध्ये घेतला. काही ओळींचा बदल वाटणाऱ्या या कामाला वर्षाहून अधिक काळ का लागला, याचे उत्तर पुढच्या तीन धोक्यांत आहे.

पहिला धोका : पान अर्धवट भरलेले असेल तर?

लॉगमधल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो. हा पत्ता सतत वाढत जाणारा ६४ बिटांचा आकडा आहे. नवी नोंद करायची असेल तर व्यवहार आधी आपल्यापुरती जागा राखून ठेवतो आणि मग तिथे मजकूर उतरवतो. जागा राखण्याचे काम क्षणार्धात आणि एकेकाचे होते. मजकूर उतरवण्याचे काम मात्र अनेक जण एकाच वेळी करतात. पोस्टग्रेसने त्यासाठी आठ कुलपे ठेवली आहेत, म्हणजे आठ जण एकाच वेळी लिहू शकतात.

इथे गोम आहे. एसटीत आरक्षण झाले म्हणजे प्रवासी आसनावर बसला असे नव्हे. तसेच लॉगमध्ये पुढची जागा भरलेली, पण तिच्या मागची अजून रिकामी, असे होऊ शकते. वाचकाने ‘शेवटच्या राखीव जागेपर्यंत सगळे आहे’ असे धरून चालले, तर मध्येच शून्यांचा पट्टा हाती येईल.

उपाय सरळ आहे. अमुक पत्त्यापर्यंतच्या सगळ्या नोंदी खरोखर उतरल्या आहेत, असा एक आकडा डेटाबेस जपून ठेवतो. मेमरीतून वाचणारे फंक्शन त्याच्या पलीकडचे मागितले तर थेट चूक दाखवून थांबते. अंदाजाने काहीही दिले जात नाही.

दुसरा धोका : वाचता वाचताच पान पुसले गेले तर?

हा सगळ्यात नाजूक भाग. बफरमध्ये २,०४८ पाने आहेत असे धरू. लॉगचे ५,००० क्रमांकाचे पान कुठल्या घरात बसेल? ५,००० ला २,०४८ ने भागल्यावर बाकी उरते ९०४, म्हणून ते ९०४ क्रमांकाच्या घरात. पण ७,०४८ क्रमांकाच्या पानाची बाकीही ९०४ च. म्हणजे काही वेळाने त्याच घरात वेगळे पान येणार.

आता वॉलसेंडर ५,००० वे पान नकलून घेत असताना, अर्ध्या वाटेवर, दुसऱ्या प्रक्रियेने ते पुसून ७,०४८ वे पान लिहायला घेतले तर? हाती आलेला मजकूर अर्धा जुना, अर्धा नवा. अशा फाटक्या नकलेला प्रोग्रॅमर ‘टॉर्न रीड’ म्हणतात.

प्रत्येक नोंदीला तपासणी-अंक (सीआरसी) असतो, तो ही चूक पकडणार नाही का? पकडेल, पण उशिरा. वॉलसेंडर नोंदींचा अर्थ लावत नाही. तो बाइट जसेच्या तसे पाठवतो. तपासणी होते ती स्टँडबायवर. तोवर चुकीचा मजकूर दुसऱ्या यंत्रावर पोहोचलेला असतो आणि तिथले काम अडून बसते.

मग वाचताना पानाला कुलूप का लावत नाहीत?

पहिला विचार तोच होता. पण लॉग बफर ही डेटाबेसमधली सर्वाधिक गर्दीची जागा. प्रत्येक लिहिणाऱ्या व्यवहाराला तिथून जावेच लागते. वाचकांनी तिथे कुलपे लावली तर वाचकांच्या सोयीसाठी लिहिणारे खोळंबतील. वाचनाचा वेग वाढवायला जाऊन पेमेंटच संथ व्हायची. म्हणून तपासणीच्या फेऱ्यांत कुलूप मागे पडले आणि कुलपाविना चालणारी रीत पुढे आली.

बफरमधल्या प्रत्येक घराला एक पाटी-क्रमांक असतो. त्या घरात सध्या जे पान आहे ते लॉगमध्ये कोणत्या पत्त्यावर संपते, तो आकडा. पाने शून्यापासून मोजली तर ५,००० व्या पानासाठी तो ४,०९,६८,१९२ आणि ७,०४८ व्या पानासाठी ५,७७,४५,४०८. वाचकाने करायचे ते एवढेच :

१. नकलण्याआधी घराचा क्रमांक पाहायचा. हवा तो नसेल तर तिथेच थांबायचे.

२. मजकूर नकलून घ्यायचा.

३. क्रमांक पुन्हा पाहायचा. तोच असेल तर नक्कल खरी. बदलला असेल तर ती फेकून द्यायची.

लिहिणाऱ्यानेही एक शिस्त पाळायची. पान पुसायला हात लावण्याआधी घराचा क्रमांक ‘अवैध’ करायचा. मग पान शून्यांनी भरायचे, वर शीर्षक लिहायचे आणि सगळे झाल्यावरच नवा क्रमांक लावायचा. हा क्रम उलटा झाला तर अर्धे पुसलेले पान जुन्याच क्रमांकाखाली खरे वाटेल. म्हणूनच हा बदल आणि क्रमांक एका झटक्यात वाचता-लिहिता येतील अशी तजवीज आधी केली गेली, थेट वाचनाची सोय नंतर.

एक शंका इथे येऊ शकते. दोन तपासण्यांच्या मध्ये घरात दुसरे पान येऊन गेले आणि पुन्हा तोच क्रमांक लागला तर? ते शक्य नाही, कारण लॉगचा पत्ता मागे येत नाही. सेकंदाला १ अब्ज बाइट लिहिले तरी ६४ बिटांचे पत्ते संपायला सुमारे ५८४ वर्षे लागतील.

प्रोसेसर स्वतःच क्रम बदलतो, त्याचे काय?

कोडमध्ये ‘आधी क्रमांक पाहा, मग मजकूर वाच’ असे लिहिले म्हणजे प्रोसेसर त्याच क्रमाने करेल, असे नाही. वेगासाठी आधुनिक प्रोसेसर मेमरीतली कामे पुढेमागे करतात. मोबाइलमध्ये असतात त्या आर्म जातीच्या चिप याबाबतीत इंटेलच्या चिपपेक्षा मोकळ्या आहेत, आणि आता सर्व्हरमध्येही आर्म चिप वापरात आहेत.

एकट्यासाठी याने फरक पडत नाही. पण दुसरा कोणी त्याच जागी लिहीत असेल तर दोन्ही तपासण्या आधीच उरकून मजकूर नंतर वाचला गेला, असे होऊ शकते. मग तपासणीला अर्थच उरत नाही. म्हणून मध्ये ‘मेमरी बॅरियर’ घालतात. ही प्रोसेसरला दिलेली ताकीद असते : या रेषेच्या अलीकडचे आधी, पलीकडचे नंतर. वाचकाच्या बाजूने दोन आणि लिहिणाऱ्याच्या बाजूने दोन अशा रेषा इथे आहेत. अशीच ‘तपासा, नकला, पुन्हा तपासा’ ही रीत लिनक्समध्ये घड्याळाची वेळ वाचतानाही वापरतात.

आणि नक्कल फसली तर?

काही बिघडत नाही, आणि ही या रचनेची खरी ताकद. बफरमधले पान पुसण्याआधी ते फाइलमध्ये लिहिलेले असलेच पाहिजे, हा पोस्टग्रेसचा जुना नियम आहे. त्यामुळे मेमरीतले पान निसटले, तर त्याचा मजकूर फाइलमध्ये असणारच. फंक्शन ‘मला इतके बाइट मिळाले’ एवढे सांगते आणि उरलेले नेहमीच्या रीतीने फाइलमधून वाचले जाते. ज्या सर्व्हरची पुनर्प्राप्ती अजून चालू आहे, किंवा जिथे लॉगच्या जुन्या शाखेतला मजकूर हवा आहे, तिथे तर मेमरीकडे पाहिलेही जात नाही.

थोडक्यात, मेमरी हा जवळचा रस्ता. तो बंद असेल तर हमरस्ता आहेच.

तिसरा धोका : पान खरे आहे, पण टिकणार आहे का?

पहिले दोन धोके टळले की मेमरीतला मजकूर अचूक मिळतो. तरीही सर्वात मोठा प्रश्न उरतो. तो मजकूर डिस्कवर पोहोचला आहे का?

समजा, मुख्य सर्व्हरवर ‘अ’ला १,००० रुपये जमा झाल्याची नोंद बफरमध्ये आली. ती डिस्कवर जाण्याआधीच वॉलसेंडरने मेमरीतून उचलून स्टँडबायला दिली. स्टँडबायने ती आपल्या डिस्कवर लिहिली आणि खात्यात चढवलीही. त्याच क्षणी मुख्य सर्व्हरची वीज गेली. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या डिस्कवर ती नोंद नाही. त्याच्या दृष्टीने ती घडलीच नाही. आता तो लॉगच्या त्याच पत्त्यावर नवी नोंद लिहितो, समजा ‘ब’च्या खात्यातून २०० रुपये वजा. एकाच पत्त्यावर दोन सर्व्हरवर दोन वेगळे इतिहास तयार झाले. प्रत मूळापेक्षा पुढे गेली आणि दोघांची वाट फुटली. असा स्टँडबाय बहुतेक वेळा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो किंवा नव्याने उभारावा लागतो.

म्हणून पोस्टग्रेसचा वॉलसेंडर आपल्या डिस्कवर पक्का झालेला लॉगच स्टँडबायला पाठवतो. १७व्या आवृत्तीनेही हा नियम मोडलेला नाही. मजकूर मेमरीतून घ्यायचा, पण कुठवर घ्यायचा हे डिस्कने ठरवायचे. मेमरी इथे केवळ जे आधीच कायम झाले आहे त्याची जवळची प्रत आहे.

पुढचा टप्पा मात्र या रेषेजवळ जाणारा आहे. डिस्कवर न पोहोचलेला लॉगही पाठवता यावा, याची ही तयारी असल्याचे या बदलाच्या नोंदीतच म्हटले आहे. तसे झाले तर मुख्य सर्व्हरचे डिस्कवर लिहिणे आणि स्टँडबायकडे पाठवणे एकाच वेळी चालेल, आणि दोन्हीकडे पक्के झाल्याशिवाय ‘यशस्वी’ न म्हणणाऱ्या व्यवस्थेत ग्राहकाची वाट पाहण्याची वेळ घटेल. पण मग मुख्य सर्व्हरने ‘माझ्याकडे पक्के झाले’ असे कळवेपर्यंत स्टँडबायने तो मजकूर नुसता धरून ठेवायचा, खात्यात चढवायचा नाही, अशी नवी शिस्त लागेल.

डिस्क ‘हो’ म्हणाली तर ते खरे असतेच का?

२०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांना या प्रश्नाने चांगलेच हादरवले. एफसिंक अपयशी ठरले तर पुन्हा करून पाहायचे, अशी तोवरची समजूत. पण लिनक्समध्ये डिस्कवर लिहिताना चूक झाली की ती पाने ‘लिहून झाली’ अशा खुणेने मोकळी होत असल्याचे लक्षात आले. त्यामुळे दुसऱ्यांदा केलेले एफसिंक ‘यशस्वी’ म्हणे आणि डेटा मात्र डिस्कवर नसे.

यावर उपाय म्हणून फेब्रुवारी २०१९ मधील ११.२ आणि तिच्यासोबतच्या जुन्या आवृत्त्यांच्या सुधारणांत पोस्टग्रेसने वागणूक बदलली. एफसिंक फसले की डेटाबेस स्वतःला बंद पाडतो आणि लॉगवरून पुन्हा उभा राहतो. उद्धट वाटणारा हा निर्णय याच तत्त्वावर होता : मेमरी काय म्हणते त्यापेक्षा डिस्कवर खरोखर काय आहे यावर विश्वास.

हा तिढा एका डेटाबेसपुरता नाही. मायएसक्यूएलमध्येही कमिटच्या वेळी लॉग कितपत पक्का करायचा याची निवड देता येते. ‘१’ ठेवले तर प्रत्येक कमिटला डिस्कवर. ‘०’ किंवा ‘२’ ठेवले तर वेग वाढतो, पण यंत्र कोसळल्यास साधारण शेवटच्या एका सेकंदातले व्यवहार जाऊ शकतात.

वाचक फार मागे पडला तर?

मेमरीतले पान निसटले तरी फाइल आहे, हे खरे. पण फाइलही कायम राहत नाही. पोस्टग्रेस १६ एमबीच्या लॉग फाइली गरज संपली की काढून टाकतो किंवा पुन्हा वापरतो. स्टँडबाय त्याआधी पोहोचला नाही तर त्याची साखळी तुटते.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेने हा अनुभव घेतला. प्रचंड भारामुळे दुय्यम सर्व्हर मागे पडला आणि त्याला हवा असलेला लॉग मुख्य सर्व्हरवरून आधीच काढला गेला होता. प्रत नव्याने उभी करण्याच्या खटपटीत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. शेवटी सुमारे सहा तास जुन्या प्रतीवरून काम सुरू करावे लागले. सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नव्या वापरकर्त्यांची नोंद यांना झळ बसल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले.

पोस्टग्रेस चालवणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

• एफसिंक बंद करू नका. चाचणीच्या यंत्रावर ठीक. खऱ्या डेटावर ते केल्यास वीज गेल्यावर सगळा डेटाबेसच बिघडू शकतो.

• ‘सिंक्रोनस कमिट’ बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यात डेटाबेस बिघडत नाही, पण शेवटच्या काही क्षणांतले व्यवहार, नेहमीच्या सेटिंगमध्ये कमाल ६०० मिलिसेकंदांतले, जाऊ शकतात. भेटी मोजणाऱ्या टेबलाला चालेल, पैशाच्या नाही.

• स्टँडबायची चार स्थाने पाहत राहा : पाठवले, लिहिले, पक्के केले, चढवले. चारही आकडे पोस्टग्रेस दाखवतो. ‘पाठवले’ आणि ‘पक्के केले’ यांत अंतर वाढत असेल तर वेळीच कारण शोधा.

• लॉग राखून ठेवण्यासाठी ‘रिप्लिकेशन स्लॉट’ वापरा, पण त्याला मर्यादाही घाला. ही सोय १३व्या आवृत्तीपासून आहे. नाहीतर बंद पडलेल्या एका वाचकापायी डिस्क भरून मुख्य सर्व्हरच थांबेल.

• लॉगच्या फाइली हाताने पुसू नका. या फोल्डरचे नाव पूर्वी ‘पीजी एक्सलॉग’ होते. ‘लॉग’ म्हणजे निरुपयोगी नोंदी समजून लोक तो रिकामा करत. म्हणून २०१७ च्या १०व्या आवृत्तीत नावच बदलून ‘पीजी वॉल’ केले गेले.

• लॉगमध्ये डोकवायचेच असेल तर त्यासाठी दिलेली साधनेच वापरा. चालू डेटाबेसची मेमरी बाहेरून वाचणारी स्वतःची युक्ती लढवू नका. वरचे तिन्ही धोके तिथे तुमच्या वाट्याला येतील आणि सावध करणारे कोणी नसेल.

सामान्य वापरकर्त्याला याचा काय फरक पडतो?

१७व्या आवृत्तीतल्या या बदलाने उद्यापासून पेमेंट झटक्यात होईल, असे नाही. बचत आहे ती सर्व्हरच्या कामाची. पण ‘प्रक्रिया सुरू आहे’ असा गोल फिरताना दिसतो, तेव्हा काय चालले असते याचा अंदाज यावरून येतो. त्या उशिरात नेटवर्कचा आणि दोन संस्थांमधल्या देवाणघेवाणीचा वाटा मोठा असतो. मात्र त्यातला एक लहानसा भाग डेटाबेसने नोंद डिस्कवर पक्की होण्याची वाट पाहण्यात जातो. तो वेळ वाया गेलेला नसतो. म्हणून असा गोल फिरत राहिला तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी व्यवहाराची स्थिती आणि खात्यातली शिल्लक तपासावी.